लेसरनंतरची नजर : तक्त्यावर ६/६, पण अंधारात काय?

रातवा

नमस्कार. चष्मा लागला तेव्हा चौथीत होते, आता एकोणतीस वर्षांची आहे. डावा डोळा उणे ५.२५, वर उणे १.२५ सिलिंडर (एका ठरावीक दिशेचा नंबर). उजवा उणे ४.७५, सिलिंडर नावापुरता. तीन वर्षं नंबर हललेला नाही. बाहेर सॉफ्ट लेन्स, घरात चष्मा.

लेसरने नंबर घालवायचा म्हणून तीन ठिकाणी तपासून आले आणि तीन पद्धतींची तीन उत्तरं घेऊन आले. पहिले म्हणाले स्माईल, दुसरे म्हणाले कॉन्टुरा लॅसिक, तिसरे म्हणाले तुम्हाला पीआरके बरं. "६/६ दिसेल" यावर मात्र तिघांचंही एकमत! त्याबद्दल मला शंका नाहीच. चष्म्यातूनही मला ६/६ दिसतं. मला विचारायचंय ते हे की जे दिसेल ते कसं दिसेल? मी रात्री आकाश बघते, नुसत्या डोळ्यांनी आणि दुर्बिणीतूनही. चांदणी टिंबासारखी दिसणार की तिला झिपऱ्या फुटणार?

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया "मस्त झालं, भीती बाळगू नका" याच्या पुढचं लिहा.

उणेसात

२००९ साली लॅसिक. दोन्ही डोळे उणे ७. तेव्हा माझा फ्लॅप, म्हणजे वरचा जो पापुद्रा उचलून खाली लेसर मारतात तो, पात्याने कापला होता, लेसरने नाही.

दिवसा काही तक्रार नाही. उलट पहिल्याच दिवशी सगळं मोठं दिसायला लागलं. जाड उणे भिंगातून जग थोडं लहान दिसतं, उणे ७ ला साधारण आठ टक्के, हे नंतर कळलं. रात्री मात्र प्रत्येक दिव्याभोवती वलय. चंद्राला खळं पडतं ना, तसं प्रत्येक दिव्याला. पहिले सहा महिने फार, मग कमी झालं. की माझंच लक्ष जाईनासं झालं? ते आजतागायत सांगता येत नाही.

वलयापेक्षा मला त्रास झाला तो तिन्हीसांजेचा. पायऱ्यांच्या कडा एकमेकीत मिसळतात. तक्त्याची शेवटची ओळ वाचणारा माणूस करड्या पायरीवर ठेचकाळतो, यावर घरचे विश्वास ठेवत नाहीत.

पुन्हा करून घेईन का? हो. हे विसंगत वाटेल, पण उणे ७ घेऊन जगलेल्याला विचारा.

खडूस_चष्मेवाला

चष्म्याला काय झालंय? रात्री काढून ठेवता येतो. ऑपरेशन काढून ठेवता येत नाही.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. चाळिशीनंतर उणे नंबरवाल्याला चष्मा काढला की जवळचं स्वच्छ दिसतं, ही निसर्गाने दिलेली सवलत आहे. मी पंचावन्नाव्या वर्षी घड्याळाची दुरुस्ती उघड्या डोळ्यांनी करतो. लेसरवाले मित्र वाचायचा चष्मा शोधत फिरतात.

रातवा

काका, चाळिशीचा मुद्दा मान्य, तो डोक्यात आहे. पण "करू की नको" यासाठी वेगळा धागा काढा ना. इथे कोणत्या पद्धतीने काय दिसतं तेवढंच बोलू.

चांदणवेल

माझं स्माईल होऊन दोन वर्षं झाली. नंबर उणे ४.५ आणि ४.

दुसऱ्या दिवशी लोक मोबाईलवर फोटो टाकतात तसलं काही झालं नाही. आठवडाभर आंघोळीनंतरच्या आरशात बघावं तसं दिसायचं. माझ्या बहिणीचं लॅसिक झालेलं, ती दुसऱ्या सकाळी टकाटक. मी रडकुंडीला आले होते. दोनतीन आठवड्यांत धुकं गेलं, आणि तीन महिन्यांनी दोघींनी शेजारी उभं राहून पाट्या वाचल्या तर काही फरक नाही.

डोळे तिचे जास्त कोरडे पडले. वर्षभर ड्रॉप्स बाळगत होती, माझे तिसऱ्या महिन्यात सुटले. अर्थात दोन बहिणी म्हणजे काही अभ्यास नव्हे.

नवं_तेच_सोनं

रातवा, डोळे मिटून स्माईल करा (विनोद जमलाय!). फ्लॅपच नाही म्हटल्यावर नजर चांगली राहणारच. लॅसिक आता जुनं झालं, पीआरके तर त्याहून जुनं. कशाला विचार करताय?

भिंगरी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सर्जन नाही. शस्त्रक्रियेआधीची मोजमापं घ्यायची आणि नंतरची गाऱ्हाणी ऐकायची हे माझं काम, म्हणून लांबलचक लिहिते.

आधी तक्त्याबद्दल. स्नेलेनने तो १८६२ साली केला, पांढऱ्यावर काळीकुट्ट अक्षरं. उणेसात यांची पायरी त्यात पकडली जात नाही, कारण ती करड्यावर करडी आहे. त्यासाठी पेली-रॉबसनचा तक्ता असतो. त्यात अक्षरं सगळी एकाच आकाराची, पण खालच्या ओळींत फिकट होत जातात. रातवा, शस्त्रक्रियेआधी तो वाचून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. नंतर "पूर्वी बरं दिसायचं" असं वाटलं तर पूर्वीचं काहीतरी हातात हवं. बहुतेक जण इथेच फसतात, आधीची नोंदच नसते.

आता वलय का पडतं. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर, मुळात मधे जास्त वळलेला आणि कडेला सपाट होत गेलेला असतो. कडेच्या किरणांनी प्रमाणाबाहेर वाकू नये यासाठीची ती व्यवस्था. उणे नंबर घालवायचा म्हणजे मधला भाग सपाट करायचा, आणि मग हिशेब उलटा होतो. कडेचे किरण जास्त वाकतात आणि पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. याला स्फेरिकल ॲबरेशन म्हणतात. लख्ख उजेडात बाहुली तीनेक मिलिमीटर, कडेचे किरण आत शिरतच नाहीत. अंधारात ती सहासात मिलिमीटर झाली की शिरतात. नंबर जितका मोठा आणि कोरलेला झोन जितका लहान, तितकं हे जास्त. उणेसात, तुमची सगळी गोष्ट या दोन वाक्यांत आली.

लोक सगळ्यालाच "ग्लेअर" म्हणतात, तिथे मोठा घोळ होतो. दिव्याभोवतीची गोल कडी वेगळी. दिव्यातून फुटणारे किरण वेगळे. अक्षराला एकाच बाजूला सावली किंवा शेपूट दिसणं वेगळं, ते बहुतेकदा कोमा, म्हणजे कोरणं मध्यापासून सरकल्याचं लक्षण. आणि डोळा मिचकावल्यावर क्षणभर नीट दिसून पुन्हा बिघडत असेल, तर दोष अश्रूंच्या थराचा. तो ड्रॉप्सने सुधारतो. तक्रार सांगताना कागदावर चित्र काढून न्या. दहा मिनिटं वाचतात.

नवं_तेच_सोनं, फ्लॅप नाही हे खरं. चांदणवेल यांच्या डोळ्यांना ड्रॉप्स लवकर सुटले त्याचं एक कारण तेच. लॅसिकमध्ये जवळपास वर्तुळभर कापलं जातं, स्माईलमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट, म्हणून वरच्या नसा कमी तुटतात. शिवाय एक्सायमर, म्हणजे लॅसिक आणि पीआरकेतला कोरणारा लेसर, कडेला तिरका पडतो, तिथे त्याचं बळ थोडं वाया जातं. स्माईलमध्ये चकती आतल्या आत कापून बाहेर ओढतात, त्यामुळे स्फेरिकल ॲबरेशन वाढायचं प्रमाण कमी दिसतं. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण सिलिंडर? आपण आडवे झालो की डोळा खोबणीत किंचित फिरतो. एक्सायमरची आजची यंत्रं बुबुळाच्या नक्षीवरून ते ओळखून अक्ष, म्हणजे सिलिंडरची दिशा, जुळवून घेतात. स्माईलच्या पहिल्या पिढीच्या यंत्रात ही सोय नव्हती, सर्जन डोळ्यावर शाईची खूण करून जुळवत. नव्या यंत्रांत मदत आली आहे. अक्ष एक अंश चुकला तर सिलिंडरची दुरुस्ती साडेतीन टक्क्यांनी कमी पडते, दहा अंश चुकला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि तीस अंश चुकला तर सिलिंडर होता तेवढाच उरतो, फक्त दिशा बदलून. रातवा, डाव्या डोळ्यासाठी "अक्ष कसा जुळवता?" हे जरूर विचारा.

कॉन्टुराचं बलस्थान वेगळं. ते कॉर्नियाच्या नकाशावरून त्याचे स्वतःचे उंचसखल भाग कोरतं. नकाशा मुळातच गुळगुळीत असेल तर त्याला करायला फारसं काही उरत नाही. नकाशा वाकडातिकडा असेल तर फरक पडतो.

सातबायपन्नास

भिंगरी, वाचनखूण साठवली.

मी डोळ्यांचा जाणकार नाही, आकाशाचा थोडाफार आहे. रातवा, दुर्बिणीपुरती तुमची काळजी बरीचशी अनाठायी आहे. दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मोजा. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. मोठ्या टेलिस्कोपवर ग्रह बघताना झोत एकदोन मिलिमीटरचा असतो. बाहुली सातची असली तरी कॉर्नियाचा मधला दोन मिलिमीटरच वापरात येतो, आणि तो लेसरनंतरही चांगलाच असतो. १०×५० चा द्विनेत्री असेल तर झोत पाच मिलिमीटर. ७×५० असेल तर सात, म्हणजे पूर्ण बाहुली. खरी परीक्षा त्याच्यात आणि नुसत्या डोळ्यांत.

दुसरं. चांदणीला झिपऱ्या सगळ्यांनाच असतात. डोळ्यातल्या भिंगाच्या तंतूंच्या जोडरेषांमुळे तसं दिसतं, आणि लेसर त्या भिंगाला हातही लावत नाही. आज रात्रीच चष्म्यातून एखादा ठळक तारा बघा, एकेका डोळ्याने, आणि झिपऱ्यांचं चित्र काढून ठेवा. भिंगरी यांचा "आधीची नोंद" सल्ला इथेही लागू.

रातवा

काढलं! उजव्याला सहा झिपऱ्या, डाव्याला पाच आणि एक लांब शेपटी. इतकी वर्षं मला वाटायचं ताराच तसा आहे.

खरडवही

नावावरून ओळखलं असेलच, माझं पीआरके. वरची पातळ त्वचा काढतात, खाली लेसर मारतात, वर पट्टीसारखी लेन्स बसवतात, आणि तुम्ही चारपाच दिवस अंधाऱ्या खोलीत स्वतःला शिव्या देता. तिसरा दिवस वाईट. कोणी "थोडं टोचेल" म्हणालं तर त्यांना विचारा, तुमचं झालंय का?

नजर हळूहळू येते. दुसऱ्या आठवड्यात स्क्रीनवरची अक्षरं दुहेरी दिसत होती, कारण नवी त्वचा मधे येऊन मिळते तिथे आधी वळकटी पडते. दीड महिन्याने कामापुरतं, तीन महिन्यांनी पूर्ण. उन्हात गॉगल कटाक्षाने, कारण अतिनील किरणांनी कॉर्नियात धूसरपणा येण्याची शक्यता वाढते. नंबर मोठा असेल तर त्यासाठीच शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिनचा बोळा क्षणभर ठेवतात.

चार वर्षं झाली. रात्री मला वलय जवळजवळ नाही. पण माझा नंबर उणे ३ होता, त्यामुळे माझ्यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका.

नवं_तेच_सोनं

चारपाच दिवस वेदना, तीन महिने वाट, तेही २०२० नंतरच्या जगात. मी म्हटलं तेच सिद्ध होतंय.

खरडवही

रातवा यांनी वर्षभराने कसं दिसेल ते विचारलंय, चौथ्या दिवशी कसं दिसेल ते नाही.

भिंगरी

अगदी. पहिल्या आठवड्यात लॅसिक पुढे, पहिल्या महिन्यात पीआरके मागे, आणि सहा महिने ते वर्ष झाल्यावर तिघांचे ६/६ चे आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात की पद्धतीपेक्षा माणसामाणसातला फरक जास्त भरतो. म्हणून "सर्वांत चांगली कुठली" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

वलयाबद्दल एक आकडा देते, कारण तो दोन्ही बाजूंचे लोक अर्धा वापरतात. अमेरिकेच्या एफडीएने लॅसिकच्या रुग्णांना सर्जनच्या गैरहजेरीत थेट प्रश्नावली देऊन विचारलं. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. आधी कसलाही दृश्यत्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना तीन महिन्यांनी निदान एक नवं लक्षण जाणवत होतं, वलय सर्वांत जास्त. विरोधक इथे थांबतात. पण त्यामुळे रोजची कामं फार अडतात असं म्हणणारे एक टक्क्याहून कमी होते, बहुसंख्य समाधानी होते, आणि ज्यांना आधीच चष्म्यात त्रास होता त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा तो कमी झाला. जाहिराती फक्त हा दुसरा भाग छापतात.

उणेसात

मी त्या दोन्ही टक्केवारींत बसतो. वलयही आहे, समाधानही आहे.

खिडकीतलं_भिंग

मोठ्या नंबरवाल्यांसाठी एक प्रतिसाद. उणे ११. मला लेसरला सरळ नकार मिळाला, आणि आता कळतं की बरं झालं. आयसीएल बसवली. कॉर्निया न कोरता डोळ्यात बुबुळाच्या मागे पातळ भिंग सरकवतात. कॉर्नियाचा मूळ घाट तसाच राहतो, त्यामुळे एवढ्या नंबरला नजरेची प्रत लेसरपेक्षा सरस मिळते.

तिचीही वलयं असतात बरं. भिंगाच्या मध्यावर ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, आतलं पाणी खेळतं राहावं म्हणून. सुरुवातीला तिरक्या प्रकाशात त्याची बारीक कडी दिसायची. आता मुद्दाम शोधावी लागते. डोळ्याच्या आत हात घालायचा म्हणजे त्याचे वेगळे धोके, ते इथे लिहीत बसत नाही.

खडूस_चष्मेवाला

वाचतोय. मूळ मतावर ठाम आहे, पण झिपऱ्या मीही मोजल्या. सात.

रातवा

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा जाऊन आकडे मागून घेतले. डाव्या डोळ्याचे देते : कॉर्नियाची जाडी ५१२ मायक्रॉन, अंधारात बाहुली ७.१ मिलिमीटर. नकाशात "काही विशेष नाही". मी ६.५ ऐवजी ७ मिलिमीटरचा झोन मागितला, तर डॉक्टर हसून म्हणाले, "मागता येतो, पण कॉर्निया पुरायला हवा." घाईत होते, पुढचं समजावलं नाही. भिंगरी, पुरणं म्हणजे काय?

भिंगरी

हा हिशेब घरी करता येतो, ढोबळ. झोनच्या व्यासाचा वर्ग करा, तिनाने भागा, नंबराने गुणा. येतील तेवढे मायक्रॉन खोल मध्यावर कोरावं लागतं. तुमचा डावा डोळा सिलिंडर धरून साडेसहा.

झोन ६.५ : वर्ग सव्वाबेचाळीस, भागिले तीन म्हणजे चौदा, गुणिले साडेसहा, सुमारे ९२ मायक्रॉन.
झोन ७ : वर्ग एकोणपन्नास, भागिले तीन सव्वासोळा, गुणिले साडेसहा, सुमारे १०६.

अर्धा मिलिमीटर रुंदीला चौदा मायक्रॉन. आता लॅसिक धरा. फ्लॅप ११०, तो कापला की आधार देण्याच्या कामाचा राहत नाही. ११० अधिक ९२, म्हणजे ५१२ पैकी साधारण ३९ टक्के. ७ चा झोन घेतला तर ४२ टक्के. चाळीसच्या वर गेलं की कॉर्निया पुढे कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो, असं सर्जन मानतात. शिवाय फ्लॅपखाली निदान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत, बरेच जण ३०० मागतात. तुमचे ७ च्या झोनला २९६ उरतात. अगदी काठावर. म्हणून डॉक्टर हसले.

स्माईलमध्ये चकतीच्या वर राहणारा थर, म्हणजे टोपी, साधारण १२० आणि चकती काढता यावी म्हणून तिला पंधराएक मायक्रॉनची जादा जाडी द्यावी लागते, त्यामुळे आकड्यांत लॅसिकपेक्षा कमीच उरतं. पण टोपी अखंड राहते, फ्लॅपसारखी सुटी होत नाही, तेव्हा तोच नियम जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, असं बरेच जण म्हणतात.

पीआरकेत फ्लॅपचे ११० वाचतात. वरची त्वचा ५० च्या आसपास, ती परत उगवते. म्हणजे ७ चा झोन घेऊनही जाड थर शिल्लक. तिसऱ्या डॉक्टरांनी "तुम्हाला" हा शब्द वापरला होता ना? त्यांनी बहुधा हाच हिशेब मनात केला.

एवढं करून "बाहुली ७.१ म्हणजे वलय नक्की" असं मात्र धरू नका. नुसत्या बाहुलीच्या आकारावरून रात्रीचा त्रास सांगता येत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत निघालंय. मोठी बाहुली, मोठा नंबर आणि लहान झोन एकत्र आले की मी सावध होते.

चांदणवेल

म्हणजे माझ्या उणे ४.५ ला हे प्रश्न पडलेच नाहीत, कारण पडायची गरजच नव्हती. आणि मी आपली सगळ्यांना स्माईल सुचवत फिरले.

सातबायपन्नास

रातवा, नकाशा काढण्याआधी लेन्स किती दिवस बंद होत्या?

रातवा

आदल्या रात्री काढल्या होत्या... कोणी विचारलंच नाही.

भिंगरी

मग ते तिन्ही नकाशे बाजूला ठेवा. सॉफ्ट लेन्सनेही कॉर्निया थोडा दबतो, घाट बदलतो. निदान आठवडा, शक्यतो दोन आठवडे नुसता चष्मा. कडक लेन्सवाल्यांना तीनचार आठवडे. मग नकाशा, मग अक्ष, मग जाडी, आणि मग स्माईल की पीआरके. आणि जे काही कराल त्याच्या आधीचे सगळे कागद सांभाळा. साठीत मोतीबिंदू झाला की भिंगाचा नंबर काढताना तेच लागतात. लेसर झालेल्या कॉर्नियावर नेहमीची सूत्रं चुकतात.

खडूस_चष्मेवाला

दोन आठवडे नुसता चष्मा! आता कशी आलीस माझ्या वाटेवर.

रातवा

काका, आज चौथा दिवस. चष्म्याचा उजवा कान सैल झालाय, खाली बघितलं की सरकतो. दोन आठवड्यांनी नवे आकडे याच धाग्यावर टाकते.